बाविसावी गाठ

दस्तगीर मिस्त्रींना लिहिता-वाचता येत नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी म्हणेल, मग त्यांनी पुस्तक उघडून बघायचं होतं की! आमच्या साइट ऑफिसातला एक शहाणा खरोखरच असं म्हणाला होता. त्याच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं होतं मला. दिली नाही. मी तेव्हा नुसती तोंडानं शूर होते, आणि ज्या दिवशी तोंड उघडायला हवं होतं त्या दिवशी तेही उघडलं नाही. तेच सांगायला बसले आहे.

मिस्त्री मांडवगण फराट्याचे. आडनाव मुलाणी, पण गावात, साइटवर, शिरूरच्या सिमेंटच्या दुकानात, सगळीकडं नुसतं ‘मिस्त्री’. त्यांच्या टोळीतली माणसं ‘मामा’ म्हणायची. साठीकडं झुकलेला शिडशिडीत माणूस. पांढरी टोपी, गुडघ्यापर्यंत दुमडलेला पायजमा आणि खांद्याला एक काळी पिशवी. ती त्यांच्या बायकोनं जुन्या छत्रीच्या कापडाची शिवली होती. पिशवीत थापी, रंधा, ओळंबा आणि लाईनदोरीचं बंडल. जेवायच्या सुट्टीत आधी ही हत्यारं धुऊन पुसून पिशवीत जायची आणि मग मिस्त्री स्वतःचे हात धुवायचे. कुणी घाई केली तर म्हणायचे, “आरं, तेबी सकाळपासनं राबल्यात.”

दुसरी सवय चपलांची. ओल्या कोब्यावर कुणी चपला घालून जात नाही, हे ठीकच. पण मिस्त्री स्वतः केलेल्या कोब्यावर दहा वर्षांनीसुद्धा चपला काढूनच जायचे. शिरूरला एका वकिलाच्या घरी मी हे डोळ्यांनी बघितलंय. वकील म्हणत होता, “अहो राहू द्या मिस्त्री, फरशी धुवायचीच आहे,” आणि हे दारात उभे राहून अंगठ्यानं चपला सोडवत होते.

त्यांच्या कोब्याचं नाव होतं. वरवंडपासून शिरूरपर्यंत कुणाच्या घराचा, देवळाच्या मंडपाचा, मशिदीचा, विहाराचा कोबा करायचा असला की मांडवगणला निरोप जायचा. सगळ्यांत शेवटी ते एक काम कुणालाही करू द्यायचे नाहीत. कोबा आवळत, म्हणजे घट्ट होत आला की गुडघ्यांवर बसून, ‘बिस्मिल्ला’ पुटपुटून, चिमटीनं कोरडं सिमेंट वर भुरभुरवायचे. भाकरी थापताना बाया पीठ भुरभुरवतात ना, तसं. याला ते ‘भुरका’ म्हणायचे. भुरका मारला की वरचं पाणी तो पिऊन घ्यायचा, आणि मग थापीनं घोटत बसायचं. तास, दोन तास. उठले की खाली तोंड दिसायचं. घरातल्या कोब्याला तो भुरका चालून जायचा. वर माणसांचे अनवाणी पाय, फार तर एखादं कपाट. तिथं काय बिघडणार?

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. रांजणगावला औद्योगिक वसाहतीत शेडमागून शेड उभ्या राहात होत्या, आणि त्या शेडच्या जमिनीवर माणसं नाही, मालानं लादलेल्या लोखंडी चाकांच्या गाड्या फिरणार होत्या. त्यासाठी नवीन पद्धत आली. ओतलेल्या काँक्रीटवर चटया अंथरायच्या, पंप लावायचा आणि आतलं जास्तीचं पाणी ओढून काढायचं. अर्ध्या तासात त्यावर माणूस उभा राहिला तरी पाऊल रुतत नाही. मग वरून फिरती चकती असलेलं मशीन फिरवून घोटायचं. मशीन पुण्याहून आलं. त्यासोबत एक इंग्रजी पुस्तिका आली, आणि मशीन विकणारा एक टाय लावलेला गृहस्थ आला. तो दोन दिवस थांबला, दोन्ही दिवस मटणाचं जेवला आणि गेला. उरले मी.

मी तेवीस वर्षांची. दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेली, सिव्हिलचा डिप्लोमा, शिरूरला भाड्याची खोली, नोकरी पर्मनंट व्हायची होती. शेड बांधणाऱ्या कंपनीनं मला ‘प्रशिक्षण पर्यवेक्षक’ केलं. कारखान्याच्या मालकांना कागदावर दाखवायला कुणीतरी हवं होतं, एवढंच त्यातलं खरं. ज्यांनी माझ्या वयाहून जास्त वर्षं थापी धरली त्यांना मी शिकवायचं! नियम साधा होता. टोळीच्या मिस्त्रीनं शिक्षण घ्यायचं, मग आपल्या टोळीकडून जमिनीचा एक पट्टा करून दाखवायचा. पट्टा पास झाला तर मिस्त्रीला पिवळं कार्ड, आणि त्या कार्डावर अख्ख्या टोळीला गेट. कार्ड नाही तर गेट नाही. बाकीच्या शेडवालेही आता हेच कार्ड मागणार असं सगळीकडं बोललं जात होतं. मिस्त्रींच्या टोळीत अकरा माणसं होती. मिस्त्रींचं कार्ड म्हणजे त्या अकरा जणांची भाकरी, हे तिथल्या कुत्र्यालाही कळत होतं.

पहिल्या दिवशी पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरला. मी तोंडपाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवलं. सगळे माना हलवत होते. मागून एक हात वर झाला.

“म्याडम, यक इचारू का?”

“विचारा की मिस्त्री.”

“हे मशीन शिमिटातलं पानी वढून काडतंय म्हंता.”

“हो. जास्तीचं.”

“पन आमी तर जलमभर त्याला पानी पाजत आलो. तान्ह्या लेकराच्या तोंडातनं दूध काडून घ्यायचं म्हंता व्हय?”

वर्ग हसला. मला राग आला. नवी होते, कुणी हसलं की आपल्यालाच हसलं असं वाटायचं. मी फळ्यावर चित्र काढून सांगितलं, जास्तीचं पाणी आत राहिलं तर ते सुकल्यावर पोकळ्या राहतात, ताकद जाते. मिस्त्री चित्राकडं बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “आसं हाय व्हय. म्हंजी आमी त्याला तुडुंब पाजून मारत व्हतो.” आणि उठून पुढं येऊन बसले, अगदी माझ्या टेबलाला टेकून. “आता समदं सावकाश सांगा. मला वाचता येत न्हाई. ध्यानात ठेवाया लागंल.”

त्यांनी पिशवीतून लाईनदोरीचा एक तुकडा काढला. मी पहिला नियम सांगितला, त्यांनी तो दोनदा पुटपुटला आणि दोरीला एक गाठ मारली. दुसरा नियम, दुसरी गाठ.

“हे काय हो मिस्त्री?”

“ही माजी वही,” म्हणाले. हसले नाहीत.

त्या वहीला मी पुढं मानायला लागले. जेवण झालं की बाभळीखाली टोळी बसायची आणि मिस्त्री दोरी बोटांत धरून एकेक गाठ पुढं सरकवायचे. चटईला सुरकुती ठेवायची न्हाई. कडंला हवा शिरू द्यायची न्हाई. पाऊल उमटतंय का बघूनच मशीन चढवायचं. मी सांगितलं तेच शब्द, माझ्याच क्रमानं. मी एकदा मुद्दाम मधलीच विचारली, “मिस्त्री, चौदावी?” त्यांनी दोरी न बघता बोटानं चाचपली आणि चौदावी म्हणून दाखवली. डिप्लोमाला माझ्या वर्गात पन्नास पोरं होती, एकाचंही असं डोकं नव्हतं.

टोळीत कमल नावाची बिगारीण होती. शिरूरच्या बौद्ध वस्तीतली, तिशीची, चौथी शिकलेली, आणि जीभ अशी की मुकादमही वाट बदलून जायचा. पंपाचा काटा वाचायचं काम मिस्त्रींनी तिला दिलं. बाकीच्या गड्यांनी कुरकुर केली, बाईमाणसाच्या हातात मशीन कशाला? मिस्त्री म्हणाले, “तुमाला आकडं वाचता येत्यात का? मला बी येत न्हाईत. मंग गप ऱ्हावा.” कमल त्या दिवसापासून काट्यासमोर अशी उभी राहायची की काट्यानंच तिला घाबरावं. मला म्हणाली, “म्याडम, पंधरा वर्सं डोक्यावर घमेली वाहिली. आता मला कुनी बिगारी म्हनलं तर बघाच.”

फिरत्या चकतीच्या मशीननं मात्र मिस्त्रींचे हाल केले. पहिल्यांदा चालू केलं तर ते त्यांनाच घेऊन गरागरा फिरलं. टोपी एकीकडं, मिस्त्री एकीकडं! टोळी पोट धरधरून हसली, मीही हसले. मिस्त्री उठले, धूळ झटकली आणि मशीनला म्हणाले, “तुजं नाव काय बाबा? घाई कुनाला हाय?” चौथ्या दिवशी ते दोन बोटांनी मशीन चालवत होते. दांडा थोडा उचलला की डावीकडं, दाबला की उजवीकडं. टाय लावलेल्या गृहस्थालाही ते जमलं नव्हतं. मला तेव्हा वाटलं, ही टोळी पास झाली म्हणजे माझंही सोनं होणार.

आता ती गोष्ट. पुस्तिकेत नियम बावीस होते. एकविसावा पानाच्या तळाला संपत होता आणि बाविसावा पान उलटल्यावर होता. शेवटच्या दिवशी मी एकविसावा सांगून पान उलटलं, आणि शेजारच्या कारखान्याचा जेवणाचा भोंगा झाला. पोरं चुळबुळ करायला लागली. मला सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी त्या ओळीवरून नजर फिरवली. वरून कोरडं सिमेंट मारू नये, त्याचा वेगळा थर बसतो आणि पुढं पापुद्रा सुटतो, असं काहीतरी. मनात म्हटलं, मशीननं घोटायचं आहे, हातानं सिमेंट मारतंय कोण? पुस्तिका मिटली. “झालं बरं का, एवढंच,” म्हणाले. मिस्त्रींनी दोरी गुंडाळली. एकवीस गाठी.

मला माहीत नव्हतं असं नाही. वकिलाच्या घरचा तो आरशासारखा कोबा मी बघितला होता, भुरक्याचं कौतुक ऐकलं होतं. पण तो भुरका आणि हा नियम यांची माझ्या डोक्यात गाठच पडली नाही. भूक लागली होती, बस्स.

परीक्षेचा पट्टा सकाळी सुरू झाला. पहिलं घमेलं पडलं तेव्हा मिस्त्री ‘बिस्मिल्ला’ म्हणाले आणि कमलनं नारळ फोडला. टोळीची रीतच होती ती. मग काम असं चाललं की मी नुसती बघत राहिले. चटया, पंप, काटा, पाऊल, मशीन. कुणी ओरडत नव्हतं. मिस्त्री मधूनच दोरी चाचपायचे आणि पुढचं सांगायचे. उन्हं कलायच्या आत पट्टा झाला. फक्त खांबापाशी कोपरा राहिला. तिथं मशीनची चकती पोचत नाही, चटईही नीट बसत नाही, म्हणून थोडं पाणी वर राहिलं होतं. तेवढं हातानं करायचं असं मीच सांगितलं होतं.

मिस्त्रींनी चपला काढलेल्याच होत्या. फळी टाकून ते खांबापाशी गुडघ्यांवर बसले. सिमेंटच्या गोणीतून चिमूट घेतली आणि भुरका मारला.

मी पाच पावलांवर उभी होते. मला ती ओळ आठवली का? आठवली. खोटं कशाला बोलू? पान उलटल्यावरची पहिलीच ओळ. पण तेव्हा सांगायचं म्हणजे टोळीसमोर कबूल करायचं, की मी एक नियम गिळला होता. आणि त्यांचा हात असा फिरत होता की वाटलं, चाळीस वर्षं हेच करतोय हा माणूस, मी कोण सांगणार? हातभर कोपरा, काय होतंय त्याला! संध्याकाळचं ऊन त्या कोपऱ्यावर पडलं आणि तो चकाकला. मी म्हणाले, “वा मिस्त्री!”

हे ‘वा मिस्त्री’ मला आजपर्यंत झोपू देत नाही.

अठरा दिवसांनी पट्टा तपासायला पुण्याहून साहेब आले. डोळ्यांवर जाडजूड भिंगांचा चष्मा आणि हातात छोटा हातोडा. सगळ्या पट्ट्यावर ठोकत गेले, टणटण आवाज. मान हलवत होते. टोळी बाहेर उन्हात उभी होती, अकराच्या अकरा, धुतलेले कपडे घालून. कमलनं तर केसांत अबोली माळली होती. मिस्त्री आत आमच्या मागोमाग चालत होते. साहेब खांबापाशी आले. ठोकलं. आवाज बदलला. त्यांनी हातोड्याच्या टोकानं जरा उचकटलं, आणि त्या चकाकीचा पापुद्रा करंडीच्या झाकणासारखा अल्लद सुटून आला. तो त्यांनी हातात धरून सगळ्यांना दाखवला.

“इथं वरून सिमेंट मारलंय. कोणी मारलं?”

“म्या मारलं, सायेब,” मिस्त्री म्हणाले.

साहेब माझ्याकडं वळले. “मॅडम, तुमच्या ट्रेनिंगमध्ये हे सांगितलं नव्हतं?”

दोन आठवड्यांत माझ्या नोकरीचा कागद होणार होता. वडील त्या वर्षी रिटायर झाले होते, क्वार्टर सोडायचं होतं. हे सगळं त्या एका क्षणात आठवलं, ती ओळ आठवायला जेवढा वेळ लागला होता त्याहून कमी वेळात.

“सांगितलं व्हतं सायेब,” मिस्त्री म्हणाले. “म्याडमनी चांगलं सांगितलं व्हतं. मीच इसरलो. वय झालं.”

त्यांच्या उजव्या हातात ती दोरी होती. मुठीत घट्ट धरली होती, टोक तेवढं बाहेर लोंबत होतं. त्यांच्या टोळीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की हा माणूस एक शब्द विसरत नाही. मलाही ठाऊक होतं. आणि मी, प्रशिक्षण पर्यवेक्षक, खाली बघत उभी राहिले.

‘नापास’ लिहिलेल्या कागदावर मिस्त्रींचा अंगठा घ्यायचा होता. शाईचा पॅड मीच पुढं धरला. त्यांनी अंगठा टेकवला, उचलला, आणि आपल्या टोपीला पुसणार होते ते थांबून पायजम्याला पुसला.

पुन्हा परीक्षा सहा महिन्यांनी, असं साहेब म्हणाले. कसले सहा महिने! मशीन दुसऱ्या साइटवर गेलं, मशीनबरोबर मी गेले. कार्डवाली टोळी बिहारकडून आली. निकालाच्या त्या दिवशीच गेटवर कमलनं मला अडवलं होतं. डोक्यातली अबोली तिनं हातात घेतली होती.

“म्याडम, यकच सांगा. मामा कवा काय इसरल्याचं तुमी बघितलंय का?”

मी म्हणाले, “कमल, मला जाऊ दे.”

“मी आडवलंय का तुमाला? जावा की. तुमाला गेट हाय.”

ती बाजूला झाली. मी गेले.

पुढं काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यांनी कळत राहिलं. टोळी मोडली. दोघं ऊसतोडीला गेले, एक जण वरवंडला हायवेवरच्या ढाब्यावर लागला, कमल कुठल्याशा कारखान्यात ठेकेदाराकडून झाडू मारायला. मिस्त्रींकडं मांडवगणला निरोप येणं बंद झालं, कारण तोवर घराघरांत चकचकीत टाइल्स यायला लागल्या होत्या आणि कोबा कुणाला नको होता. टाइल बसवायचं ते शिकायला गेले होते म्हणे. पोरांनी हसून परत पाठवलं.

एकदा धीर करून मी मांडवगणला गेले. सगळं सांगून टाकायचं असं ठरवून, एसटीत मनातल्या मनात वाक्यं जुळवत. मिस्त्री घरी नव्हते, काम बघायला दौंडला गेले होते. त्यांच्या बायकोनं, हमीदाचाचींनी, मला खाटेवर बसवलं. जमीन मातीची होती. ज्या माणसानं तालुकाभर कोबे घातले त्याच्या स्वतःच्या घरात सारवलेली जमीन! चाची चहा देत म्हणाल्या, “तुमीच का त्या म्याडम? लई नाव काडत्यात तुमचं. म्हंत्यात पोरगी हुशार हाय, कष्टाची हाय, तिची नोकरी टिकाया पायजे व्हती. टिकली न्हवं?”

“टिकली,” मी म्हणाले. मिस्त्री यायच्या आत मी उठले, आणि स्टँडवर येऊन बसले. दोन गाड्या सोडल्या, तिसरीत चढले. त्यांची वाट बघत होते की ते येऊ नयेत म्हणून बघत होते, मला आजही सांगता येणार नाही.

शेवटचं बघितलं ते सात-आठ वर्षांनी, दौंडला. रेल्वे लाईनच्या पलीकडं मोठ्या इमारतींची स्कीम चालू होती. तयार काँक्रीट घेऊन गरगरणाऱ्या गाड्या येत होत्या, पंपानं माल चौथ्या मजल्यावर चढत होता. मी तोवर मोठी मॅडम झाले होते. पांढरं हेल्मेट, हाताखाली दोघं, शिकायला वीस-पंचवीस परप्रांतातली पोरं. बाविसावा नियम मी सगळ्यांत आधी सांगते, भूक लागायच्या आत. त्या दिवशीही सांगून झाला होता.

पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर एक म्हातारा वाकून मातीची आळी करत होता. स्लॅबवर पाणी साठून राहावं म्हणून असे छोटे बांध घालतात आणि पाइपनं पाणी सोडतात. हे साइटवरचं सगळ्यांत हलकं काम. त्याला कुणालाही लावतात. त्या म्हाताऱ्याच्या खांद्याला छत्रीच्या कापडाची काळी पिशवी होती. स्लॅबच्या कडेला चपला काढून ठेवल्या होत्या.

“मामा,” मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना मामा म्हणाले.

त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. “म्याडम! हेल्मेट बदाललं तुमचं.” आणि लगेच गळ्यातलं कार्ड वर करून दाखवलं. “मलाबी मिळालं बगा कार्ड.” निळं कार्ड. फोटो, नाव, आणि खाली इंग्रजीत ‘हेल्पर’. “नातीनं वाचून दावलं काय लिवलंय ते,” ते म्हणाले. मला वाचायला लावलं नाही.

मग त्यांनी पिशवीत हात घातला. दोरी मळून काळी झाली होती. त्यांनी ती माझ्या हातात दिली. मी गाठी मोजल्या. बावीस. शेवटची बाकीच्यांपेक्षा वेगळी होती, दुहेरी, ओढून ओढून आवळलेली.

“ही कधी मारलीत?”

“पापुद्रा निगाला तवा. सायेबानं हातात धरला न्हवं, तितंच हुबा राहून मारली. यकवीस तुमच्या. ही माजी मी शिकलो.”

“मामा, ती मी सांगायला हवी होती. पुस्तकात होती. मी—”

“ठावं हाय. मी आयकत व्हतो की समदं.”

“मग का म्हणालात विसरलो म्हणून?”

त्यांनी पाइपाचं तोंड पुढच्या आळ्यात वळवलं. “तुमचं नवं व्हतं. माजं चाळीस वर्सं झालं व्हतं. म्हनलं ऱ्हाऊ दे.” मग आवाज अगदी खाली गेला. “पन माजं यकट्याचं व्हतं व्हय ते? कमल बोलत न्हाई माझ्यासंगं. शिरूरला भेटली, तोंड फिरवून गेली. म्हनली, अकरा जनाची भाकरी तुमी कुनाला इचारून वाटली? खरं हाय तिचं. काय सांगू मी तिला? काय बी सांगाया न्हाई माज्यापाशी.” त्यांचे डोळे भरले, आणि मी समोर उभी राहून माझे पुसत होते. या माणसानं मला वाचवलं होतं, आणि त्यापायी स्वतःच्या माणसांसमोर कायमचा मान खाली घालून बसला होता. मी त्यांना द्यायला काय आणलं होतं? पांढरं हेल्मेट!

खालून सुपरवायझर ओरडला. पंचविशीचा असेल. “ए चाचा! पाइप उधर लो, उधर सूख रहा है!”

मी कठड्यापाशी गेले. इतकी वर्षं न उघडलेलं तोंड आता उघडलं. “ओ! नीट बोला! मिस्त्री आहेत ते! दस्तगीर मिस्त्री! ये मिस्त्री हैं, समझे?”

सुपरवायझर गडबडला. मग अदबीनं हसला. “हाँ मॅडम, हाँ. हम सब बुजुर्ग लोगों को मिस्त्री ही बोलते हैं.” आणि त्याच हसण्यात वर बघून म्हणाला, “मिस्त्री, पाइप उधर लो.”

दस्तगीर मिस्त्रींनी माझ्या हातातून दोरी घेतली, गुंडाळली, पिशवीत ठेवली.

“व्हय सायेब,” म्हणाले, आणि पाइप उचलून अनवाणी पलीकडं चालत गेले.